प्रश्न उद्भवतो

माझ्या मामाचं गाव धरणात गेलं. नव्या गावठाणात त्याला प्लॉट मिळाला, शाळेच्या दोन खोल्या झाल्या, डांबरी रस्ता झाला आणि गावाच्या तोंडाशी एक उंच पाण्याची टाकी उभी राहिली. टाकीवर निळ्या रंगात योजनेचं नाव, वर्ष, खर्चाचा आकडा. आत पाणी नव्हतं. पुनर्वसित गावाला ज्या १८ नागरी सुविधा द्यायच्या असतात, त्यांच्या तक्त्यात पाणीपुरवठ्यापुढे 'पूर्ण' असा शेरा होता. मामी मात्र रोज सकाळी गुंड, म्हणजे घागर, घेऊन जुन्या विहिरीवर जायची. मामा संबंधित कार्यालयात किती वेळा गेला असेल, त्याचा हिशेब त्यानंही ठेवला नाही. "टाकी त झाली ना बाप्पा, पानी कोठून येईन ते सांगा," एवढं एकच तो तिथे म्हणायचा, आणि साहेब मीटिंगला गेलेले असायचे.

शेवटी एका दिवाळीत आम्ही वहीच्या कागदावर सगळं लिहून एका विरोधी पक्षाच्या आमदाराकडे दिलं. ते आमच्या मतदारसंघाचेही नव्हते. त्यांच्या स्वीय सहायकानं कागद वाचला, दोन तारखा विचारल्या, टाकीचा फोटो मागितला. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन सुरू झालं आणि तारांकित, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या छापील यादीत मामाचा प्रश्न आला. 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' या ठरलेल्या ओळीखाली गावाचं नाव, टाकीचं वर्ष, 'हे खरे आहे काय', 'असल्यास', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. उत्तर आलं ते असं: पहिल्याला 'अंशतः खरे आहे', दुसऱ्याला 'जलवाहिनीचे काम प्रगतिपथावर आहे', तिसऱ्याला 'प्रश्न उद्भवत नाही'.

तो प्रश्न सभागृहात तोंडी पुकारलाच गेला नाही. त्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास गोंधळात वाहून गेला. तरीही त्या प्रश्नानं आपलं काम केलं होतं, आणि ते अधिवेशनाच्या आधीच केलं होतं. सरकारी कार्यालयात 'एलएक्यू आला', म्हणजे विधानसभेचा प्रश्न आला, हे शब्द ज्यांनी ऐकलेत त्यांना ते कसं झालं हे सांगायला नको. विधानमंडळाकडून प्रश्न खात्याकडे जातो, खात्यातल्या कक्षाकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, आणि अमुक दिवसांत माहिती पाठवा असा निरोप सगळ्यांच्या मागे लागतो. वर्षानुवर्षं जी फाइल कोणी उघडली नव्हती, ती उघडावी लागते, कारण मंत्र्याच्या सहीनं छापलं जाणारं उत्तर खोटं निघालं तर हक्कभंगाची भीती असते. त्या नोव्हेंबरात पहिल्यांदा एक अभियंता गावठाणात आला, टेप लावून अंतर मोजून गेला. उन्हाळ्याआधी पाइप पडले. पाणी एक दिवसाआड येतं, पण येतं.

एवढं मी सविस्तर सांगतो आहे, कारण विरोधी आमदार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर विधानभवनाच्या पायऱ्या येतात. गळ्यात संत्र्यांची किंवा कापसाची माळ, हातात फलक, समोर कॅमेरे. दर डिसेंबरात नागपूरकर हे पाहतात. पण विरोधी आमदाराची खरी ताकद त्या छापील कागदात आहे, आणि तो कागद काढून घ्यायला जे लागतं ते गेल्या काही वर्षांत आपल्याच शहरात, आपल्याच डोळ्यांदेखत कमी होत चाललं आहे. लागतं काय? बैठकांचे दिवस. खातं सांभाळणारा मंत्री. उत्तर टाळलं तर अध्यक्षांकडून 'प्रश्न राखून ठेवला' असं म्हणवून घेणारा चिवट सदस्य. आणि ज्याचा शब्द सभागृहाला ऐकावाच लागतो असा, मान्यता असलेला विरोधी पक्षनेता.

नागपूरला हे अधिवेशन कोणाच्या मेहरबानीनं मिळालेलं नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराचं ते कलम आहे. शासन ठरावीक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला येईल आणि विधिमंडळाचं वर्षाला निदान एक अधिवेशन इथे होईल, असं तेव्हाच्या नेत्यांनी लिहून दिलं. नागपूर त्या वेळी एका राज्याची राजधानी होतं. ती राजधानी सोडून द्यायची, त्या बदल्यात सरकारनं वर्षातून एकदा आमच्या दारात येऊन बसायचं, असा तो व्यवहार होता. सरकार इथे येतं म्हणजे काय येतं? रामगिरी, देवगिरी, रविभवन या मंत्र्यांच्या मुक्कामाच्या जागांना रंग लागतो, सिव्हिल लाइन्सचे रस्ते गुळगुळीत होतात, मुख्यमंत्री सचिवालयाच्या हैदराबाद हाऊसमध्ये फायलींचे गठ्ठे उतरतात. पण करार करणाऱ्यांना रंगरंगोटी अपेक्षित नव्हती. मुंबईपासून आठशे किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला सरकारला विचारता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि विचारण्याचं काम सभागृहात कोण करणार? सत्ताधारी आमदारही प्रश्न विचारतात, काही जण फार चांगले विचारतात. पण ज्याला मंत्रिपदाची आस आहे, ज्याचा निधी त्याच मंत्र्याच्या सहीनं यायचा आहे, तो एका मर्यादेपलीकडे रेटू शकत नाही. त्या मर्यादेच्या पुढचं काम विरोधकाचंच.

आत विचारणारं कोणी नसेल तर बाहेर काय होतं, हे नागपूरनं पाहिलेलं आहे. २३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशन सुरू होतं. गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. अनुसूचित जमातीत समावेश करा ही त्यांची मागणी. बायका, कडेवरची पोरं, गावाहून बांधून आणलेल्या शिदोऱ्या. सरकारतर्फे कोणीतरी येऊन निवेदन घ्यावं म्हणून हे लोक दिवसभर थांबले. संध्याकाळपर्यंत कोणी आलं नाही. मग रेटारेटी, लाठीमार, चेंगराचेंगरी, आणि ११४ माणसं गेली. झिरो माईलजवळच्या त्यांच्या स्मारकासमोरून मी शेकडो वेळा गेलो असेन. दर वेळी मनात येतं की ते लोक आत येऊ मागत नव्हते. त्यांना फक्त कोणीतरी बाहेर यावं असं वाटत होतं. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी नंतर राजीनामा दिला. पुढच्या वर्षी निवडणुकीत सरकार बदललं. मूळ प्रश्न मात्र न्यायालयांत फिरत राहिला. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल गोवारींच्या बाजूनं लागला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला.

आजही मोर्चे येतात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, संगणक परिचालक, धानाचे शेतकरी. टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला त्यांना कठडे लावून अडवतात, आणि सुरक्षेचा विचार करता अडवावंही लागत असेल. पण कठड्याच्या त्या बाजूची गोष्ट या बाजूला न्यायची एकच वाट उरते, ती म्हणजे आतला एखादा सदस्य. तो उभा राहिला, औचित्याचा मुद्दा मांडला, लक्षवेधी सूचना लावून घेतली, तर मंत्र्याला बोलावं लागतं. मंत्री जे बोलतो त्यातल्या आश्वासनाची नोंद होते, ते आश्वासन समितीकडे जातं आणि ९० दिवसांत त्याचं काय केलं ते सांगावं लागतं. रस्त्यावर घेतलेल्या निवेदनाची अशी कुठलीच नोंद होत नाही. पोच मिळते, फोटो निघतो, इतकंच.

आता अलीकडची अधिवेशनं पाहा. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे हिवाळी अधिवेशन नागपूरला झालंच नाही, ते समजू शकतो. २०२४ चं काय? १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला. १६ ते २१ डिसेंबर अधिवेशन चाललं. खातेवाटप जाहीर झालं २१ तारखेच्या रात्री. म्हणजे सहा दिवस सभागृहात मंत्री होते आणि त्यांतल्या बहुतेकांना खातं नव्हतं. पाटबंधाऱ्यावर विचारायचं तर कोणाला? शाळांवर विचारायचं तर कोणाला? अख्ख्या विदर्भासाठी वर्षातून एकदा उघडणारी खिडकी उघडली, आणि खिडकीमागे कोणाच्याच हातात कागद नव्हता.

त्याच आठवड्यात सभागृह काय करू शकतं तेही दिसलं, हे सांगितलं पाहिजे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या होऊन जेमतेम आठवडा झाला होता. विरोधी आमदारांनी विषय लावून धरला, सत्ताधारी बाकावरच्यांनीही तपशील मांडले आणि मुख्यमंत्र्यांना त्याच अधिवेशनात विशेष तपास पथक आणि न्यायालयीन चौकशी जाहीर करावी लागली. बीडच्या एका गावाची गोष्ट नागपूरच्या सभागृहात बोलली गेली म्हणून साऱ्या महाराष्ट्रानं ऐकली. सहा दिवसांत हे होऊ शकतं, तर पुरेसे दिवस मिळाले असते तर आणखी किती गावांची गोष्ट बोलली गेली असती?

पैशांचं पाहू. डिसेंबर २०२५ मध्ये अधिवेशन ८ ते १४ तारखेपर्यंत होतं. सात दिवस, त्यात शनिवार-रविवारही धरलेले. या सात दिवसांत ७५ हजार कोटींहून अधिक रुपयांच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या आल्या. राज्याचा वर्षाचा अर्थसंकल्प ७ लाख कोटींच्या आसपास, म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त पैसा एका आठवड्यात. घरी कोणी एवढ्या घाईनं पैसे मागितले तर आपण निदान बिल तरी पाहतो. पुरवणी मागणीचं ते जाड पुस्तक पान पान वाचायचं, कुठल्या ओळीत काय दडलं आहे ते शोधायचं आणि तो खर्च कमी करा अशी कपात सूचना द्यायची, हे विरोधी आमदाराचं काम. त्यासाठी वेळ लागतो, आणि वेळ देणं सरकारच्या हातात असतं.

आणि मग विरोधी पक्षनेतेपद. डिसेंबर २०२५ ला इथे अधिवेशन भरलं तेव्हा विधानसभेत विरोधी पक्षनेता नव्हता, विधान परिषदेतही नव्हता. विधानसभेपुरतं कारण दिलं जातं संख्याबळाचं. २८८ च्या सभागृहात १० टक्के म्हणजे २९ आमदार हवेत. शिवसेनेच्या ठाकरे गटाचे २०, काँग्रेसचे १६, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे १० निवडून आले. ऐकायला हिशेब सरळ वाटतो. पण महाराष्ट्राच्या १९७८ च्या कायद्यात हे १० टक्के नाहीत. विरोधी पक्षांत ज्याचं संख्याबळ सर्वाधिक, त्या पक्षाचा अध्यक्षांनी मान्यता दिलेला नेता, अशी त्यात व्याख्या आहे. १० टक्क्यांची गोष्ट लोकसभेतल्या जुन्या प्रथेतून आली, आणि प्रथा मोडायची इच्छा असली की मोडताही येते. २०१५ मध्ये दिल्ली विधानसभेत ७० पैकी भाजपचे फक्त ३ आमदार होते. आम आदमी पक्षाच्या विधानसभा अध्यक्षांनी तरीही विजेंदर गुप्तांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता दिली. तीन आमदार! महाराष्ट्रात वीस पुरत नाहीत.

हा पद, गाडी आणि बंगल्याचा प्रश्न आहे असं कोणी म्हणालं तर मला वाईट वाटतं. राज्य माहिती आयुक्त निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, एक मंत्री आणि विधानसभेतला विरोधी पक्षनेता असतात. राज्य मानवाधिकार आयोगाच्या निवडीतही तो असतो. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानं तर आधीच ओळखलं होतं की असा घोळ होऊ शकतो. मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता तो समजावा, असं त्यात स्पष्टीकरणच आहे. संसदेला जी गोष्ट समितीतल्या एका खुर्चीसाठी महत्त्वाची वाटली, ती आपल्याला सभागृहातल्या खुर्चीसाठी का वाटू नये?

आता विरोधकांना बोललं पाहिजे, आणि कडक बोललं पाहिजे. कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवायांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेलं जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ ला इथेच, नागपूरला मांडलं गेलं. संयुक्त समितीकडे गेलं. लोकांनी १२ हजारांवर सूचना आणि हरकती पाठवल्या. पत्रावर तिकीट लावून, ईमेल करून, इतक्या माणसांनी आपलं काम केलं. आणि १० जुलै २०२५ ला मुंबईत विधानसभेत ते आवाजी मतदानानं मंजूर होताना ठाम विरोध नोंदवणारे एकटे डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले. दुसऱ्या दिवशी परिषदेत सभात्याग झाला, नंतर राज्यभर आंदोलनं झाली. पण ज्या जागी 'नाही' म्हणायचं असतं त्या जागी, त्या क्षणी ते म्हटलं गेलं नाही. विधेयक बरोबर की चूक हा वेगळा वाद. पण ज्यांचा विरोध होता त्यांनी तो सभागृहाच्या नोंदीत ठेवायला हवा होता. पन्नास वर्षांनी कोणी कार्यवृत्त उघडेल तेव्हा त्याला रस्त्यावरचे फलक सापडणार नाहीत.

सभात्यागाची सवय फार सोपी झाली आहे. आपलं बोलून झालं की उठून जायचं, आणि मंत्र्यानं रिकाम्या बाकांसमोर उत्तर द्यायचं. उपप्रश्न विचारणार कोण मग? मंत्री 'कार्यवाही सुरू आहे' म्हणतो तेव्हा 'कोणत्या तारखेला सुरू झाली?' हे विचारायला समोर बसलेलं असावं लागतं.

विदर्भानं अशी माणसं पाहिली आहेत. अमरावती पदवीधर मतदारसंघाचे प्रा. बी. टी. देशमुख २०१० पर्यंत विधान परिषदेत होते. त्यांच्या पाठीशी कुठल्या मोठ्या पक्षाची फौज नव्हती. त्यांचं हत्यार होतं आकडा. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीनं १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांची तूट, ३,१८६ कोटींच्या वर काढला. त्यातला विदर्भाचा वाटा किती, तो कधी भरला, कुठे वळवला, हे देशमुख कागदांसकट मांडत राहिले. सिंचनाचा अनुशेष हा शब्द आमच्याकडच्या चहाच्या टपरीवर आज बोलला जातो, त्यामागे अशा माणसांची चिकाटी आहे. गोसीखुर्द धरण १९८३ ला ३७२ कोटींचं होतं, आज त्याचे आकडे हजारो कोटींत मोजतात आणि काम अजून सुरू आहे. हा खर्च वर्षावर्षानं कसा फुगला ते जनतेला कळलं ते बहुतेक सभागृहातल्या प्रश्नांतून, चर्चांतून आणि कॅगच्या अहवालांतूनच.

आणि सत्ताधाऱ्यांना आठवण द्यायची तर दूर जायला नको. आजचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं याच सभागृहात विरोधी बाकावर होते, नागपूरचेच आमदार म्हणून. राष्ट्रकुल संसदीय मंडळाचा उत्कृष्ट संसदपटू पुरस्कार त्यांना मिळाला तो विरोधात असताना. सिंचनावर त्यांनी तेव्हाच्या सरकारला जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं देताना त्या सरकारची दमछाक झाली होती. त्यांना तेव्हा बैठकांचे दिवस मिळाले, समोर खातं असलेले मंत्री मिळाले, त्यांच्या बाजूला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता बसलेला होता. जे त्यांना मिळालं तेच आज समोर बसलेल्यांना मिळावं, एवढीच मागणी आहे. अधिवेशनाचे दिवस कायद्यानं ठरवून द्या. राज्यघटनेत दोन अधिवेशनांमधलं अंतर सहा महिन्यांपेक्षा जास्त नसावं इतकंच आहे, किती दिवस बसायचं ते नाही. नागपूरला निदान तीन आठवडे कामकाज, त्यात प्रश्नोत्तराचा तास रोज, आणि वेळ उरला तर तो विदर्भाच्या चर्चेला, शेवटच्या दिवशी घाईघाईनं नव्हे. विरोधी पक्षनेत्याचा निर्णय अध्यक्षांनी आणि सभापतींनी पुढच्या नागपूर अधिवेशनाआधी करावा.

गेल्या निवडणुकीत मामाचा प्रश्न लावणारे ते आमदार पडले. तिथून आता सत्ताधारी पक्षाचे आमदार आहेत, माणूस चांगला आहे, फोन उचलतो. गावठाणातल्या स्मशानभूमीच्या रस्त्याचं मामानं त्यांना सांगितलं. "साहेबांशी बोलतो," म्हणाले. बोललेही असतील. पण ते बोलणं कुठे छापून आलेलं नाही, त्याला तारीख नाही, 'विलंबाची कारणे काय' असं त्याखाली कोणी विचारलेलं नाही. परवा मामाकडे गेलो तर त्यानं खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. रस्त्याची लांबी, गट नंबर, पावसाळ्यात तिरडी कशी न्यावी लागते ते सगळं त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलेलं.

"हे आता कोनाले द्याचं?" त्यानं विचारलं.